‘नाकारता येत नाही’ म्हणजे नेमकं काय?

पत्र (थोडं काटछाट करून):

डॉक्टर, माझी आई ७१ वर्षांची आहे. आम्ही कोथरूडला राहतो. तीन आठवड्यांपूर्वी मंडईतून घरी येताना रिक्षा गतिरोधकावर जोरात आदळली आणि आईच्या पाठीत चमक भरली. ती अजून गेलेली नाही. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला. रिपोर्टमध्ये लिहिलंय की डी१२ मणका चपटा झाला आहे, त्यात सूज आहे, हाडं ठिसूळ झाल्यामुळे झालेलं फ्रॅक्चर वाटतं, ‘मात्र मेटास्टॅसिस नाकारता येत नाही, क्लिनिकल कोरिलेशन करावे’, म्हणजे कॅन्सर पसरून हाडात आलेला असू शकतो, लक्षणं आणि इतिहास यांच्याशी जुळवून बघा. शिवाय डी९ मध्ये ‘हिमॅन्जिओमा’ आहे, म्हणजे गाठच ना? दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. एवढी महागडी तपासणी करून नक्की काय ते का सांगत नाहीत? भाऊ न्यू जर्सीला असतो, तो म्हणतो सरळ पेट स्कॅन करा. मामा म्हणतात सुई अजिबात लावू देऊ नका, सुई लागली की पसरतो. आईला आम्ही ‘गादी सरकली आहे’ एवढंच सांगितलंय.

ता. क. आईला १२ वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन, किमो, मग पाच वर्षं लेट्रोझोलच्या गोळ्या. आता ती पूर्ण बरी आहे, म्हणून एमआरआयच्या फॉर्मवर ते लिहिलं नाही. आईसमोर तो विषय नको होता.

– एक वाचक, कोथरूड

*

ताजा कलम आधी वाचायची मला जुनी खोड आहे. खरी गोष्ट लोक तिथेच लिहितात. तुमच्या पत्रातही तसंच झालंय, पण त्याकडे जरा वेळानं येते. आधी डी९ चं बघू, म्हणजे निदान आजची रात्र तुम्हाला झोप लागेल.

हिमॅन्जिओमा हा बारीक रक्तवाहिन्या आणि चरबी यांचा मणक्यात बसलेला गुंता असतो. शंभर माणसांचे मणके तपासले तर दहाएक जणांत तो सापडतो, आणि त्यातल्या बहुतेकांना तो आपल्याला आहे हे जन्मभर कळत नाही. शेवटी ‘ओमा’ असलं की लोक घाबरतात, त्याला इलाज नाही. एमआरआयमध्ये टी१ आणि टी२ नावांची दोन प्रकारची चित्रं काढतात, स्क्रीनवर त्या दोन्हींत तो कापसाच्या बोंडासारखा पांढरा दिसतो. स्टर नावाचं एक चित्र काढतात, त्यात चरबीचा उजेड मुद्दाम मालवलेला असतो. तिथे हा बोळा बराचसा विझतो. सीटीच्या आडव्या छेदात तर फारच ओळखू येतो: रांगोळी काढण्याआधी ठिपके घालून ठेवावेत तसे हाडाचे पांढरे ठिपके. ते जाड झालेले उभे खांब असतात, आपण त्यांना वरून बघत असतो. क्वचित एखादा हिमॅन्जिओमा वाढतो आणि मज्जारज्जूवर दाब आणतो, पण तसं असतं तर रिपोर्टमध्ये त्यावर सबंध परिच्छेद आला असता. तुम्ही म्हणता एका ओळीत उल्लेख आहे. मग त्याला तिथेच सोडा.

आता डी१२.

मी तुमच्या आईच्या फिल्म नीट पाहिलेल्या नाहीत. तुम्ही खिडकीवर फिल्म धरून काढलेला फोटो पाठवलात, त्यात मणक्यांच्या मागे खिडकीचे गज दिसतात आणि डी१२ वरची आडवी काळी रेघ फ्रॅक्चरची की गजाची हे मला ठरवता आलं नाही. त्यामुळे निदान मी करत नाही. आम्ही रेडिओलॉजिस्ट असा मणका कसा वाचतो, तेवढं सांगते.

एमआरआयला कॅन्सर दिसत नाही. हे वाक्य ऐकून माझ्यासमोर बसलेली माणसं चपापतात, पण तुमच्या ‘नक्की का सांगत नाहीत’चं उत्तर त्यातच आहे. मशीनला ऐकू येतो तो शरीरातला हायड्रोजन, म्हणजे मुख्यतः पाण्यातला आणि चरबीतला. (नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या आहेत, त्याही लांबच्या दीर्घिकांमधल्या हायड्रोजनचेच रेडिओ संकेत टिपतात. १.५ टेस्लाच्या मशीनमध्ये आईच्या मणक्यानं दिलेला संकेत साधारण ६४ मेगाहर्ट्झचा असतो, एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या जरा खाली.) पेशी कॅन्सरची आहे की नाही, अशी चिठ्ठी त्या संकेताला चिकटलेली नसते. पाणी कुठे वाढलं, चरबी कुठून हटली, एवढंच कळतं. बाकीचा अंदाज वाचणाऱ्या माणसाचा असतो.

सत्तरीच्या माणसाच्या मणक्यातल्या मज्जेत भरपूर चरबी असते. टी१ चित्रात चरबी पांढरी, म्हणून निरोगी म्हातारा मणका शेजारच्या गादीपेक्षा उजळ दिसतो. कॅन्सरच्या पेशी आत शिरल्या की त्या चरबीला हुसकावून लावतात आणि मणका गादीपेक्षाही काळा पडतो. सोपं वाटतं ना? अडचण अशी, की नुसत्या ठिसूळपणानं मोडलेल्या मणक्यातही पहिले काही आठवडे रक्त आणि पाणी भरलेलं असतं, आणि तोही काळाच दिसतो. तुमची तपासणी नेमकी त्याच काळात झाली आहे.

सदाशिव पेठेतले जुने वाडे उतरवताना तुम्ही कधी पाहिलंय का? मोडलेली तुळई खाली येते तेव्हा सुतार तिच्या तुटलेल्या तोंडाकडे बघत नाही. तिथे सगळंच भुसभुशीत दिसतं. तो हातभर पुढे जाऊन तासणी मारतो. आत चांगलं लाकूड लागलं तर तुळई भारानं मोडली, भुगा निघाला तर वाळवीनं. आम्हीही तेच करतो. मोडलेल्या जागेपासून जरा बाजूला बघतो. ठिसूळपणाच्या फ्रॅक्चरमध्ये काळा पट्टा बहुतेक वेळा मणक्याच्या वरच्या किंवा खालच्या पाटीला समांतर असतो आणि उरलेल्या भागात पांढरी चरबी शिल्लक सापडते. कधी पाटीच्या अगदी खाली टी२ वर पाण्याची एक लखलखीत फट दिसते. ती दिसली की मला हायसं वाटतं. ती कॅन्सरमध्ये कधीच दिसत नाही असं नाही, पण क्वचितच.

मग मणक्याची मागची भिंत. भारानं चेपलेल्या मणक्याचा वरचा कोपरा तुकडा होऊन मागे, मज्जारज्जूच्या बाजूला सरकतो. त्याला टोक असतं, कोन असतो. आतून वाढणाऱ्या गाठीनं हीच भिंत गोल फुगते, पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीचा पोपडा फुगावा तशी. त्यापुढे पेडिकल, म्हणजे मणक्याच्या पुढच्या ठोकळ्याला मागच्या कमानीशी जोडणारे दोन दांडे. काळेपणा त्यांच्यात पूर्ण उतरून ते जाड झाले असतील, मज्जारज्जूभोवती किंवा मणक्याच्या कडेला मांसल गोळा असेल, किंवा न मोडलेल्या इतर मणक्यांतही गोल काळे डाग विखुरलेले असतील, तर मन कॅन्सरकडे झुकतं. यातली एकही खूण एकटीच्या जोरावर निकाल देत नाही. साध्या फ्रॅक्चरची सूजही कधीकधी पेडिकलपर्यंत जाते. चार-पाच खुणा एका बाजूला पडल्या की आम्ही ठामपणे लिहितो. दोन इकडे, दोन तिकडे झाल्या की ‘नाकारता येत नाही’.

आपल्याकडे तिसरा भिडूही असतो: क्षय. तो साधारणपणे लागून असलेले दोन मणके आणि मधली गादी पोखरतो आणि कडेला पू साठवतो. कॅन्सर गादीच्या वाटेला सहसा जात नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये गाद्या शाबूत आहेत असं लिहिलंय, म्हणून क्षय खालच्या क्रमांकावर. यादीतून मात्र खोडायचा नाही.

अशा अर्धवट तोललेल्या वेळी दोन जादा चित्रं उपयोगी पडतात. त्यांना काही मिनिटंच लागतात आणि इंजेक्शन लागत नाही. पहिल्याला केमिकल शिफ्ट म्हणतात. पाण्यातला हायड्रोजन आणि चरबीतला हायड्रोजन यांचा सूर किंचित वेगळा असतो. तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा केसभर बेसूर असल्या की आवाज कसा फुगतो आणि ओसरतो, फुगतो आणि ओसरतो? तसंच. मशीन एक चित्र फुगलेल्या क्षणी घेतं आणि एक ओसरलेल्या. दुसऱ्या चित्रात मणका बराच काळवंडला, साधारण २० टक्क्यांहून जास्त, तर तिथे पाण्याबरोबर चरबी अजून नांदते आहे, म्हणजे कुणी तिला पुरतं हाकललेलं नाही. काळवंडलाच नाही, तर चरबी गेलेली असण्याची शंका बळावते. दुसरं चित्र डिफ्युजनचं. सुजेतलं पाणी मोकळं फिरतं. दाटीवाटीनं वाढलेल्या पेशींमध्ये पाण्याच्या कणाची अवस्था विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर सापडलेल्या माणसासारखी होते. दोन्ही चित्रं कधीकधी फसवतात. दाट, कडक झालेल्या हाडात तर हमखास. पण कल कळतो. ‘कॉन्ट्रास्ट देऊन करा’, म्हणजे शिरेतून औषध टोचून, असा सल्लाही मिळेल. मज्जारज्जूभोवती गोळा किंवा पू शोधायला ते चांगलं, मात्र ताजं साधं फ्रॅक्चरही कॉन्ट्रास्ट पिऊन उजळतं, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातून मिळेलच असं नाही. द्यायचंच ठरलं तर आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, बघून घ्यावं.

आता ताजा कलम.

ज्या डॉक्टरनं हा रिपोर्ट लिहिला, त्याच्यासमोर फॉर्म होता: ‘वय ७१, पाठदुखी’. बस्. त्यानं आंधळी कोशिंबीर खेळत एक बरंच शहाणं वाक्य लिहिलंय, म्हणून त्याच्यावर रागावू नका. स्तनाचा कॅन्सर, त्यातही संप्रेरकांना प्रतिसाद देणारा प्रकार, दहा-पंधरा वर्षांनीही परत डोकं वर काढू शकतो आणि हाड ही त्याची आवडती जागा आहे. लेट्रोझोल त्याच प्रकारात देतात, म्हणजे आईचा प्रकार तोच. हे कळलं असतं तर त्यानं ती दोन जादा चित्रं तिथल्या तिथे काढून घेतली असती.

पण थांबा, लगेच डोक्याला हात लावू नका. त्याच ताजा कलमात दुसरी बाजूही आहे. लेट्रोझोल हाडं विरळ करतं. पाच वर्षं ती गोळी घेतलेल्या सत्तरीतल्या बाईचा मणका रिक्षाच्या आदळण्यानं चेपला, यात आश्चर्य वाटण्यासारखं काहीच नाही. एकेकाळी कॅन्सर झालेल्या माणसाचं हाडही साध्या ठिसूळपणानं मोडतं. म्हणजे जी गोष्ट तुम्ही लपवली तिनं शंका वाढतेही आणि कमीही होते. दोन्हीसाठी ती सांगायला हवी होती.

मी नवखी असताना एका आजीबाईंच्या रिपोर्टवर ठसठशीत अक्षरात ‘मेटास्टॅसिस’ लिहिलं होतं. पडून पाचवा दिवस होता, मणका काळाकुट्ट, आणि मूळ कॅन्सर कुठला हे शोधायला घरच्यांनी अख्खं शहर पालथं घातलं. सुईच्या तपासणीत निघालं काय, तर रक्ताची गुठळी आणि भरून येणारं नवं हाड. आजींनी तोवर पाटल्या वाटूनसुद्धा टाकल्या होत्या. त्यानंतर मी ‘नाकारता येत नाही’ या शब्दांची टवाळी करणं सोडलं.

तर आता असं करा. जिथे एमआरआय झाला तिथेच जा आणि रिपोर्ट लिहिणाऱ्या रेडिओलॉजिस्टची वेळ मागा. काउंटरवर ‘डॉक्टर भेटत नाहीत’ म्हणतील, तरी मागा. फिल्मऐवजी सीडी न्या, कारण फिल्मवर सगळी चित्रं नसतात. आईची जुनी पॅथॉलॉजीची फाइल न्या. पाठीचा जुना एक्स-रे किंवा एमआरआय माळ्यावर कुठे असेल तर तो शोधाच. जुन्या चित्रात तोच डी९ चा बोळा तेवढाच दिसला तर तो विषय कायमचा मिटतो. डॉक्टरांना आधी इतिहास सांगा, मग विचारा: न मोडलेल्या भागात चरबी उरली आहे का, पेडिकल आणि मागची भिंत कशी आहे, ही दोन जादा चित्रं काढून घेता येतील का. रिपोर्टला पुरवणी जोडून मिळते, त्यात कमीपणा नाही.

ती पुरवणी घेऊन आईच्या ऑन्कोलॉजिस्टकडे, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांकडे जा, ऑर्थोपेडिककडे नंतर. रक्ताच्या तपासण्या होतील: हिमोग्लोबिन, ईएसआर, कॅल्शियम, क्रिएटिनिन, अल्कलाइन फॉस्फेटेज. त्यात प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस आहे ना, तेवढं बघा. मायलोमा हा मज्जेचाच कॅन्सर साध्या फ्रॅक्चरचा वेष घेऊन बसतो आणि एमआरआयला सहज चकवतो. सगळ्या खुणा साधेपणाकडे झुकल्या तर कदाचित सहा-आठ आठवडे थांबून एमआरआय परत करायला सांगतील. साधं फ्रॅक्चर असेल तर तोवर सूज उतरू लागते आणि चरबी परतताना दिसते. पण आईचा इतिहास बघता ‘थांबू नका, तुकडा काढून बघू’ असंही म्हणतील. दोन्ही बरोबर असू शकतं.

मामांना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा, की हाडात आलेला कॅन्सर रक्तातून प्रवास करूनच तिथे पोचलेला असतो. त्याला पसरायला आमच्या सुईची गरज नसते. सुईच्या वाटेनं पेशी सांडणं हे अपवादानंच घडतं. तुकडा न काढता अंदाजानं महिनोन्‌महिने औषधं चालू ठेवणं मात्र सर्रास घडतं. सीटीमध्ये बघत, जागा बधिर करून, पेडिकलमधून सुई आत जाते. बहुतेकदा संध्याकाळी माणूस घरी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. दोन गोष्टी मात्र तुम्ही तोंडानं बोलून घ्या, गृहीत धरू नका. एक, नमुन्याचा एक भाग क्षयाच्या जीनएक्स्पर्ट आणि कल्चरसाठी सलाइनमध्ये वेगळा ठेवायचा. सगळा फॉर्मॅलिनमध्ये टाकला की त्यातले जंतू मरतात आणि कल्चर होत नाही. दुसरी, कॅन्सर निघालाच तर संप्रेरकांच्या तपासण्या या नव्या तुकड्यावर पुन्हा करायच्या, कारण १२ वर्षांपूर्वीचं उत्तर आज तसंच असेल असं नाही.

भावाचा पेट स्कॅन? ताजं फ्रॅक्चर तिथेही थोडंफार चमकतं, त्यामुळे ‘नाकारता येत नाही’ असं लिहिलेला दुसरा कागद हातात येण्याचा संभव आहे. शरीरात इतरत्र काही आहे का हे बघायला त्याचा उपयोग होतो. तो कधी करायचा हे ऑन्कोलॉजिस्टला ठरवू द्या, न्यू जर्सीला नको.

तोवर घरी मालिश नाही, आणि ‘मणका बसवून देणारे’ जे कुणी कुणाच्या ओळखीत आहेत त्यांच्याकडे तर मुळीच नाही. वाकून वस्तू उचलणं बंद. मात्र दिवसभर अंथरुणावरही नको, पट्टा बांधून घरात फिरू दे. पायांत जोर कमी वाटला, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, लघवी अडकली किंवा नकळत झाली, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री इमर्जन्सीत न्यायचं. कल साधेपणाकडे निघाला तरी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून ठिसूळपणाचं औषध सुरू करायचंच आहे, नाहीतर पुढच्या गतिरोधकाला पुढचा मणका.

राहता राहिली ‘गादी सरकली आहे’. ज्या बाईनं किमोच्या फेऱ्या काढल्या आहेत, तिला मुलीच्या चेहऱ्यावरून रिपोर्ट वाचता येत नाही असं तुम्हाला खरंच वाटतं? सुईसाठी सही तिचीच लागणार आहे. आणि मला हवी असलेली काही उत्तरं फक्त तिच्याकडे आहेत: दुखणं कुशीवर वळताना वाढतं की पहाटे स्वस्थ पडल्या पडल्याही छळतं, रिक्षा आदळायच्या आधीपासून काही होतं का, साडीच्या ब्लाउजला टिपा घालाव्या लागल्या का. आज संध्याकाळी चहा झाल्यावर तिच्याजवळ बसा आणि सांगा, की मणका मोडलाय, तो का मोडला हे शोधतोय, आणि जुनी फाइल लागणार आहे.

फाइल कुठल्या कपाटात आहे, हेही तिलाच माहीत असेल.